इटलीची रंगीत तालीम

इटलीला जाऊन आलेल्या लोकांनी लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं आहे. मी इटलीच्या तालमीला जाऊन आले आहे, आणि त्यावर कोणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून लिहायला बसले. तालीम पेनसिल्व्हेनियात झाली. ज्यांना जायचं असेल त्यांनी जरूर जावं, पण आमच्या जावयाबरोबर जाऊ नये.

आधी माणसं सांगते. मी सांगलीची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, म्हणजे गावातल्या लोकांचं बोलणं ऐकायचा मला सरकार पगार देत होतं. धाकटी भावंडं मला आक्का म्हणत, त्यांचं ऐकून गल्ली म्हणायला लागली, आणि माझी मुलगी केतकी हीसुद्धा आई न म्हणता आक्काच म्हणते. यजमान गेल्यावर मी न्यू जर्सीला, पिस्कॅटवेला तिच्याकडे राहायला आले. तिचा नवरा अनिरुद्ध कॉम्प्युटरची नोकरी करतो, पण त्याचा जीव सगळा इथल्या मराठी मंडळाच्या एकांकिकांत. त्यांची मुलगी ईरा इथेच जन्मली. ती फिलाडेल्फियाला असते आणि लोकांना बागा आखून देते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि त्यावरून दोघींचं कधी काही अडलेलं नाही, म्हणजे दोघींचं उत्तम चाललं आहे.

आणि पाचवे नाना. अनिरुद्धचे वडील, माझे व्याही. नागपूरचे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांची बायको गेल्यावर त्यांनाही मुलानं इकडे आणलं. लग्नात ज्या माणसाचे मानपान सांभाळताना माझी कंबर मोडली, त्या माणसाबरोबर मी आता रोज सकाळी टोस्टरसमोर रांग लावते. ते मला विहीणबाई म्हणतात, मी त्यांना व्याहीबुवा म्हणते, ईरा आबा म्हणते. त्यांच्या मते पोह्यांवर तर्री नसेल तर ते आजारी माणसाचं खाणं. माझ्या मते तर्री घालायची असेल तर पोहे कशाला करायचे. अशी आमची भांडणं. ती सुरू झाली की केतकी लॅपटॉप उचलून वरच्या मजल्यावर जाते.

इटलीचं खूळ ईरानं आणलं. तिनं मला फोनवर एक बाग दाखवली. काही शतकांपूर्वी एका कार्डिनलनं, म्हणजे आपल्याकडच्या मठाधिपतीसारखा म्हणा, टेकडीवर राजवाडा बांधला आणि उतारावर खालपर्यंत बाग फुलवली. बागेचं नाव लिहीत नाही, माझ्या कवळीतून ते नीट निघत नाही. तर त्या बागेत दगडी बाकं आहेत. कार्डिनल जेवणानंतर पाहुण्यांना मोठ्या आदरानं तिथे बसवायचा, गप्पा मारायचा, आणि हळूच माळ्याला खूण करायचा. माळी कुठेतरी चावी फिरवायचा आणि बाकाच्या फटींतून कारंजी उडायची. मोठमोठे सरदार, बिशप, त्यांच्या बायका, म्हणजे सरदारांच्या, सगळे बुडाखालून चिंब!

मला तो माणूस फार म्हणजे फार आवडला. देवाधर्माची पुष्कळ माणसं मी पाहिली, पण पाहुण्याच्या आसनाखाली नळ बसवणारा एकही भेटला नव्हता. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी ठरवूनच टाकलं की डोळे मिटायच्या आधी त्या बाकावर जाऊन बसायचं. काशी-रामेश्वर राहिलं तरी चालेल.

नानांनी तोच व्हिडिओ तीनदा पाहिला. त्यांना कार्डिनलचं काही नव्हतं. "पंप नाही, विहीणबाई," ते म्हणाले. "एक पंप नाही. नुसत्या उतारावर इतकी शतकं पाणी चालून राहिलं. आणि आमचा कालवा उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी झिरपत होता." त्यांचा आवाज चक्क कापरा झाला होता. त्यांनाही जायचं होतं.

आता घोडं अडलं ते पायऱ्यांवर. टेकडीवरची बाग म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. जेवताना नानाच म्हणाले, "विहीणबाईंना झेपेल का पण? त्यांना तर एअरपोर्टवर व्हीलचेअर लागते."

ह्याचा खुलासा केला पाहिजे. भारतातून इकडे येणाऱ्या निम्म्या आज्या व्हीलचेअरवरून येतात आणि घरी पोचल्यावर फावडं घेऊन बर्फ उपसतात. ती खुर्ची गुडघ्यांसाठी नसते, इंग्रजीसाठी असते. खुर्ची मागितली की तिच्याबरोबर ढकलणारा माणूस येतो आणि तो इमिग्रेशनपासून बॅगांपर्यंत सगळं पार पाडून आपल्याला मुलीच्या ताब्यात देतो. पहिल्या खेपेला केतकीनंच मला बसवलं, मग सवय झाली. मी त्या खुर्चीत बसून दर वेळी भडंग खाते. पण अनिरुद्ध गंभीर स्वभावाचा. त्याच्या डोक्यात आक्का आणि व्हीलचेअर ही जोडी पक्की बसली होती, आणि नानांनी नेमकं तिथे बोट ठेवलं.

"व्हिसाची अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी फायनल करायला हवं," अनिरुद्ध म्हणाला. "आपण असं करू, रंगीत तालीम करू."

दुसरा कोणी जावई डॉक्टरकडे घेऊन गेला असता. पण ज्या माणसाचं आयुष्य एकांकिका बसवण्यात गेलं आहे त्याला प्रवेश घेतल्याशिवाय काही उमगत नाही. पेनसिल्व्हेनियात इटालियन राजवाड्याच्या धर्तीवरची एक जुनी बाग होती. तिथे शनिवार-रविवार जायचं. इटलीला नेणार त्याच बॅगा, तेच कपडे, तेच बूट. ज्याला तालमीत जमेल तो इटलीला येणार, ज्याला जमणार नाही तो घरी राहणार. तो हे सगळं बोलत होता माझ्याकडे बघून. नाना मान डोलावत होते.

शनिवार

ईरा आदल्या रात्रीच येऊन राहिली होती. निघताना अनिरुद्धनं गाडीचा हॉर्न तीनदा वाजवला. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. समोरच्या घरातली बाई कुत्रा घेऊन बाहेर आली होती, ती परत आत गेली.

वेशभूषेवरून आदल्या दिवशी माझं आणि केतकीचं वाजलं होतं. तिचं म्हणणं, पॅन्ट घाल. माझं म्हणणं, ज्या कार्डिनलला भेटायला जायचं त्याच्या अंगात झगा होता, मग मी साडी का नेसू नये. शेवटी साडी आणि खाली पळायचे बूट यावर तडजोड झाली. नानांनी खाकी पॅन्ट, गोल हॅट आणि गळ्यात दोरीनं लटकवलेली पाण्याची बाटली असा साइट व्हिजिटचा थाट केला होता.

गाडीच्या डिकीत घडीची व्हीलचेअर होती. मंडळातल्या कोणा काकूंकडून मागून आणलेली.

"ही कोणासाठी रे?" मी विचारलं.

"जस्ट इन केस, आक्का."

मी त्याच क्षणी ठरवलं की त्या खुर्चीला माझी साडी लागू द्यायची नाही. हरले तर कार्डिनल गेला, बाक गेला, आणि हे सगळे तिकडे मजा करत असताना मी पिस्कॅटवेला बसून फ्रीझरमधल्या पोळ्या खायच्या. मला इटलीला जायचंच होतं.

रस्त्यात इटालियनचा वर्ग झाला. आभार म्हणजे ग्रात्सिए. माफ करा म्हणजे स्कुझी. मग अनिरुद्ध आरशातून मागे बघत म्हणाला, "आणि पाणी म्हणजे आक्क्वा, म्हणजे ऐका हं, आक्का!"

गाडीत हशा पिकला. "गरम आक्का, थंड आक्का," केतकी म्हणाली. "आजी, दे हॅव स्पार्कलिंग आक्का टू," ईरा म्हणाली. नाना मात्र कोरड्या सुरात म्हणाले, "बिनबुडबुड्यांची मिळते का ते विचारा." मी खिडकीबाहेर बघत भडंग खाल्लं. कोणाला दिलं नाही.

दुपारचं जेवण इटालियन हॉटेलात. पोळी-भाजी बरोबर नेण्यावर बंदी होती, कारण इटलीत काय मिळणार. तिथल्या वाढणाऱ्या पोरीशी अनिरुद्ध मोठ्या ऐटीत इटालियनमध्ये बोलला. ती म्हणाली, सॉरी, मी मेक्सिकोची. पिझ्झा आला. मी दोन्ही बाजूंनी बघितला आणि पर्समधून लसणाची चटणी काढली. नानांनी त्याच वेळी खिशातून शेंगदाण्याची काढली. आमची नजरानजर झाली. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा न भांडता चटण्यांची अदलाबदल केली, आणि सांगते, त्या पिझ्झ्याचं सोनं झालं.

संध्याकाळी एका जुन्या गावात मुक्काम. इटलीतल्या रस्त्यांना दगड असतात, म्हणून अनिरुद्धनं मुद्दाम दगडी रस्त्याचं गाव शोधलं होतं. गाडी लांब लावून आम्ही चाकांच्या बॅगा खडखडत हॉटेलपर्यंत ओढत नेल्या. लोक बाकांवर बसून आइस्क्रीम खात आमची वरात बघत होते. मी सगळ्यांच्या पुढे. नाना मागे. मध्येच थांबून ते एका घराची पन्हाळ न्याहाळत होते, मग दुसऱ्या घराची. हॉटेलला लिफ्ट नव्हती, तीही मुद्दाम. खाली एकच खोली होती आणि ती नानांनी आधीच मागून ठेवली होती. त्यांना म्हणे पहाटे पेपर लागतो. मला वाटलं, बघा, आपण जिने चढायला नको म्हणून काय चलाखी. मी माझी बॅग स्वतः वर नेली आणि अनिरुद्धला दिसेल अशी नेली.

रविवार

सकाळी इटालियन पद्धतीनं उभ्याउभ्या कॉफी घेतली. कप भातुकलीतला. नानांनी तळहातावर घेऊन पाहिला आणि म्हणाले, "हे काय, तीर्थ आहे का? मग डोक्यावरून हात फिरवावा लागेल." मी हसले. इतक्या वर्षांत त्यांच्या विनोदाला मी उघडपणे हसल्याचं आठवत नाही.

बाग मात्र खरोखर देखणी निघाली. शंभर वर्षांपूर्वी एक कोट्यधीश बायकोला घेऊन इटलीला फिरायला गेला होता. बायकोला तिथल्या राजवाड्याची बाग आवडली, म्हणून त्यानं घरी आल्यावर तशीच बांधून दिली. आमचे यजमान मला महाबळेश्वरला घेऊन गेले होते, तिथला बाजार मला फार आवडला आणि त्यांनी चपलांचा एक जोड घेऊन दिला. असो. वर दगडी घर, पुढे रुंद गच्ची, आणि तिथून खाली एकाखाली एक पट्टे उतरत गेलेले. भिंतीसारखी कापलेली झुडपं, शेवाळ चढलेले नागडे देव, रांजणाएवढ्या कुंड्यांतून लिंबाची झाडं. सगळ्या बागेतून पाण्याचा आवाज येत होता, कुठे खळखळ, कुठे नुसतं ठिबक ठिबक.

बाग दाखवायला एक बाई होती, बार्बरा. वय ऐंशीच्या पुढे, ओठ लालभडक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हे काम ती फुकट करते आणि स्वतः गाडी चालवत येते. आपल्याकडे ऐंशीच्या बाईला लिपस्टिक लावून किल्ल्या घेऊन फिरू देतील का? सुनाच आधी किल्ल्या काढून घेतील. मला ती एकदम पटली. तिलाही माझी साडी आणि बूट पटले असावेत, कारण तिनं माझ्या दंडात हात अडकवला तो सोडलाच नाही.

आम्ही दोघी भराभर उतरत होतो. व्हीलचेअर अनिरुद्ध उतारावरच्या लांबच्या वाटेनं रिकामी ढकलत आणत होता. तिच्यात माझी पर्स, थर्मास आणि सगळ्यांचे स्वेटर ठेवले होते. नाना नकाशा हातात धरून दर कट्ट्याशी थांबत आणि सगळ्यांना समजावून सांगत, की बघा, पाणी वरच्या तळ्यातून येऊन राहिलं, प्रत्येक पट्ट्यावर उताराचा जोर वाढून राहिला, म्हणून खालचं कारंजं सगळ्यात उंच. सांगताना एक हात कठड्यावर. त्यांनी बार्बराला इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, तुम्ही इथे नोकरी का करत नाही? त्यांचा चेहरा असा फुलला! मीसुद्धा मनात म्हटलं, खात्यात ह्यांचं कोणी इतकं ऐकलं नसेल.

अगदी खालच्या पट्ट्यावर बाक होता. तसाच, दगडी, अर्धगोल. बार्बरानं मला अदबीनं बसायला सांगितलं. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी भोळा चेहरा करून बसले. तिनं झुडपात हात घातला.

काय सांगू! पाठीमागून, बाजूनं, खालून, गार पाण्याच्या धारा. मी किंचाळले. केतकी मोबाइल धरून किंचाळत होती. ईरा येऊन माझ्या शेजारी बसली आणि तीही भिजली. साडी अंगाला चिकटली, बुटांत तळं झालं, आणि मी लहान मुलीसारखी पाय आपटत हसत राहिले. इतकं हसू यजमान गेल्यापासून आलं नव्हतं. अनिरुद्ध म्हणाला, "आक्का, तुम्ही तर पास!" नक्कल इतकी गोड, तर असल काय असेल, आणि ती आता मला मिळणार होती.

तेवढ्यात झुडपांच्या भिंतीपलीकडून आवाज आला. "आक्का!" आणि पुन्हा, "आक्का!"

नानांचा आवाज. अनिरुद्धला आनंदाचं भरतं आलं. "वा बाबा! परफेक्ट!" तो ओरडला. "आता ग्रात्सिए म्हणा!" बार्बरालाही इटालियन येत असावं, तिनं टाळ्या वाजवल्या. केतकीनं मोबाइल त्या दिशेला वळवला.

"आक्का!"

मीही हसत होते. पण हसता हसता माझ्या लक्षात आलं, की बाटली तर त्यांच्या गळ्यात आहे. आणि आवाज पाणी मागणाऱ्या माणसाचा नव्हता. मी अर्धं आयुष्य आवाजाला कान लावून काढलं आहे. ट्रंककॉल लावताना माणूस कितीही साधा नंबर सांगत असला, तरी घरात काय झालंय ते मला त्याच्या आवाजात कळायचं. मी उठले आणि ओल्या साडीचा ओचा वर खोचून झुडपांच्या फटीतून पलीकडे गेले.

नाना पायऱ्यांच्या अर्ध्यावर बसले होते. हॅट खालच्या पायरीवर पडली होती. दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

"पडलात?"

"नाही. बसलो. पाय उचलतच नाहीत, विहीणबाई. आपलेच आहेत असं वाटत नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून होऊन राहिलं. थोडं थांबलं की जातं. आज जाऊन नाही राहिलं."

"आणि अनिरुद्धला?"

"त्याला सांगितलं असतं तर मी इटलीला आलो असतो का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "म्हणून तुमचं नाव पुढे केलं. म्हटलं, सगळे तुमच्या गुडघ्यांकडे बघतील, माझ्याकडे कोणाचं लक्ष जाणार नाही."

मला असा संताप आला म्हणून सांगू! ह्या माणसापायी दोन दिवस मी परीक्षेला बसल्यासारखी जिने चढत होते, बॅगा उचलत होते, दमले तरी श्वास दाबून धरत होते. तोंडावर चार शब्द आले होते, सांगलीतले. पण त्यांच्या हनुवटीवरचे पांढरे केस सकाळी दाढी करताना राहून गेले होते, आणि ती हनुवटी हलत होती. मला त्यांची दया आली आणि दया आल्याचाच राग आला.

"मुलांना सांगू नका," ते म्हणाले.

"मघाशी मला हाक मारलीत ना?"

"पाणी मागत होतो. इटालियनमध्ये."

"गळ्यात काय आहे ते?"

त्यांनी बाटलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पलीकडून अनिरुद्ध विचारत होता, सगळं ठीक आहे ना. उत्तर तर द्यायला हवं होतं. नानांचं गुपित फोडायचा मला हक्क नव्हता, आणि त्या पायऱ्यांवर त्यांना बसवून ठेवणंही शक्य नव्हतं.

"अनिरुद्ध," मी ओरडले, "खुर्ची आण बाबा. मी दमले!"

पहिला केतकीचा चेहरा दिसला. तो पडलेला होता. मग अनिरुद्धचा. त्याच्या मनात माझ्या नावावर काट मारली गेलेली मला स्पष्ट दिसली. माझी इटली चालली होती आणि मीच तिला निरोप देत होते.

खुर्ची पायऱ्यांच्या पायथ्याशी आली. मी नानांचा एक हात धरला, दुसरा ईरानं धरला. "चला, व्याहीबुवा," मी मोठ्यानं म्हटलं. "लोकांकडून मागून आणलेली वस्तू आहे. इंजिनिअर माणूस, आधी तुम्ही बसून बघा, चाकं धड आहेत का."

नाना बसले. ईरानं त्यांचे पाय उचलून पट्टीवर ठेवले, खाली वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कम्फर्टेबल, आबा? लेट्स गो." आणि उतारावरची वाट धरून ढकलायला लागली. अनिरुद्ध गोंधळून मला म्हणाला, "आक्का, तुम्ही बसणार होतात ना?"

"माझी साडी ओली आहे," मी म्हटलं. "काकूंची गादी खराब होईल."

मी खुर्चीच्या मागे चालत गेले, बुटांतून पचपच आवाज करत. वर पोचेपर्यंत नानांनी एकदाही पाण्याकडे बोट दाखवलं नाही. परतताना गाडीत इटालियनचा वर्ग झाला नाही. अनिरुद्ध मधून मधून आरशात बापाकडे बघत होता. तो नट काही फारसा बरा नाही, पण माणूस हुशार आहे.

सोमवार

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. ईरा कामावर न जाता थांबली होती. अनिरुद्धनं ताटाशेजारी लॅपटॉप उघडला. व्हिसाच्या तारखा घ्यायच्या होत्या.

"माझं नाव टाकू नको," नाना म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीपासूनचं. खालची खोली, पन्हाळी, पायऱ्यांवरची हाक, कोणाची खुर्ची कोणी मागितली ते, काही लपवलं नाही. माझं नाव मुद्दाम पुढे केल्याचंही सांगितलं. "तालमीत विहीणबाई पास झाल्या, मी नापास. त्यांना घेऊन जा. येताना मला त्या बागेचे नीट फोटो आणा. नळांचे आणा, तुमचे नको."

अनिरुद्धचे डोळे भरले. "बाबा, तालीम तुमच्यासाठी नव्हती हो," तो म्हणाला.

"ते मला माहीत आहे. कोणासाठी ते मीच ठरवलं होतं ना."

ईरा म्हणाली, उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं, तिनं वेळ घेतली आहे, त्यावर चर्चा नाही. मग म्हणाली, "अँड आबा, द कार्डिनल हॅड गाऊट. त्याचे पाय टेरिबल होते. ही गॉट कॅरीड. खुर्चीमध्ये." मराठीत एवढं ती बोलली म्हणजे मामला गंभीर होता. वरच्या गच्चीपर्यंत गाडी जाते, तिथून सगळी बाग दिसते, त्या बुवानंही बहुतेक तिथूनच बघितली असेल, असं ती सांगत राहिली.

"मी काय कार्डिनल आहे?" नाना म्हणाले. "माझी खुर्ची पोरांनी ढकलायची आणि त्यांनी काही बघायचं नाही. मला असं यायचंच नाही." आणि ते वरणभात कालवायला लागले.

म्हणजे मी जिंकले होते. ज्यासाठी दोन दिवस जिवाचं रान केलं ते माझ्या ताटात आलं होतं. आनंद व्हायला हवा होता. मी डोळ्यांसमोर ती बाग आणून बघितली. मी बाकावर बसले आहे, पाणी उडतं आहे, केतकी वॉव म्हणते आहे, अनिरुद्ध वॉव म्हणतो आहे, ईरा वॉव म्हणते आहे. मग पुन्हा तिघं वॉव म्हणत आहेत. पाण्याला जोर कुठून आला हे कोणी सांगत नाही, आणि साडी नेसून कारंज्यावर बसणाऱ्या बाईला कोणी काही टोचून बोलत नाही.

"ते काही नाही," मी म्हटलं. आवाज इतका चढला की मलाच दचकायला झालं. "डॉक्टर काय म्हणेल ते ऐकू, त्याप्रमाणे तारीख पुढेमागे करू. पण मी ह्या तिघांबरोबर एकटी जाणार नाही. तिकडे इतके दिवस मी भांडायचं कोणाशी?"

केतकी हसायला गेली आणि तिला रडू आलं. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"अनिरुद्ध."

"काय बाबा?"

"विमानात माझी सीट विहीणबाईंच्या शेजारी नको. घोरतात."

मी घोरत नाही. पण तेवढं त्यांचं मी ऐकून घेतलं.